रिमोटच्या बोटीतला ईएससी म्हणजे काय? आणि पुण्यात तो बनवून धंदा चालू शकतो का?

रिमोटवर चालणारी बोट बघितली की लोकांचं लक्ष आधी तिच्या रंगाकडे आणि आकाराकडे जातं, मग मोटार किती पॉवरची आहे ते विचारलं जातं. पण बोट तलावाच्या मधोमध जाऊन बंद पडली, तर बहुतेक वेळा दोष त्या मोटारीत नसतो. तो असतो काडेपेटीएवढ्या एका डबीत. या डबीचं नाव ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर.

हा ईएससी नेमकं काय करतो, विमानाचा किंवा गाडीचा ईएससी बोटीला का चालत नाही, त्याच्यावर छापलेल्या '४० अँपिअर' या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, आणि पुण्यासारख्या शहरात चार-पाच माणसांचं छोटं युनिट हा माल बनवून तग धरू शकतं का? एकेक करून बघू.

ईएससी करतो तरी काय?

बोटीत तीन गोष्टी असतात: बॅटरी, मोटार आणि रिमोटचा सिग्नल पकडणारा रिसिव्हर. बॅटरी थेट मोटारीला जोडली तर मोटार एकच गोष्ट करेल, फुल स्पीडने फिरेल. कमी-जास्त स्पीड, थांबणं आणि उलटं फिरणं हे सगळं ईएससीकडे असतं.

रिसिव्हर ईएससीला सेकंदाला साधारण ५० वेळा एक छोटा ठोका पाठवतो. हा ठोका १ मिलिसेकंदाचा असेल तर अर्थ 'पूर्ण मागे', १.५ मिलिसेकंदाचा असेल तर 'थांब' आणि २ मिलिसेकंदाचा असेल तर 'पूर्ण पुढे'. ईएससीमधली चिप हा ठोका मोजते आणि त्याप्रमाणे मोटारीला वीज देते.

पण अर्धा स्पीड हवा असेल तर वीज 'अर्धी' कशी करायची? याचं उत्तर आपल्या घरातल्या फॅनच्या रेग्युलेटरमध्ये आहे. जुना मोठा चौकोनी रेग्युलेटर आठवतो? फॅन हळू केला की तो गरम व्हायचा, कारण तो जादा वीज उष्णतेत घालवायचा. जुन्या मॉडेल बोटींमध्ये नेमकं हेच व्हायचं. एक छोटी सर्वो मोटार रेझिस्टन्सच्या गुंडाळीवर पट्टी सरकवायची आणि बॅटरीचा मोठा हिस्सा गरमीत जायचा. १० अँपिअर प्रवाहात ६ व्होल्ट अडवायचे म्हटले, तर तब्बल ६० वॅटची उष्णता बोटीच्या पोटात तयार होणार.

ईएससी वीज अडवत नाही. तो ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. अर्धा वेळ चालू आणि अर्धा वेळ बंद ठेवली की मोटारीला सरासरी अर्धी वीज मिळते. हे स्विच म्हणजे मॉसफेट नावाचे ट्रान्झिस्टर. पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असताना त्यांच्यात फार कमी वीज वाया जाते, म्हणून एवढीशी डबी एवढा मोठा प्रवाह हाताळू शकते.

ब्रश्ड आणि ब्रशलेस: दोन वेगळी दुनिया

ब्रश असलेल्या साध्या मोटारीला दोन वायरी असतात. तिला पुढे आणि मागे फिरवायला चार स्विचची जोडणी पुरते. टगबोट, मच्छीमार बोट, जुन्या जहाजांची प्रतिकृती अशा सावकाश चालणाऱ्या मॉडेलमध्ये ही मोटार आजही आवडीने वापरतात, कारण ती अगदी हळू आणि न अडखळता सुरू होते.

ब्रशलेस मोटारीला तीन वायरी असतात. इथे ईएससीला तिन्ही वायरींमध्ये योग्य क्रमाने वीज फिरवावी लागते आणि त्यासाठी आतला चुंबक या क्षणी कुठे आहे हे माहीत हवं. बहुतेक मॉडेल मोटारींमध्ये त्यासाठी सेन्सर नसतो. मग ईएससी एक युक्ती करतो. फिरणारा चुंबक रिकाम्या वायरीत उलटा व्होल्टेज तयार करतो, तो वाचून ईएससी चुंबकाची जागा ओळखतो.

अडचण एकच. मोटार थांबलेली असेल तर हा उलटा व्होल्टेज शून्य असतो. त्यामुळे सुरुवातीला ईएससीला अंदाजाने ढकलावं लागतं आणि स्वस्त ईएससीवर बोट निघताना थरथरते, अडखळते. ही सुरुवात किती सफाईदार होते, त्यावरून सॉफ्टवेअर कसं लिहिलंय ते लगेच कळतं.

जगातली पहिली रिमोटची वस्तू बोटच होती

निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या प्रदर्शनात बॅटरीवर चालणारी छोटी बोट पाण्याच्या टाकीत सोडली आणि ती बिनतारी लहरींनी चालवून दाखवली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्याला अमेरिकेत त्याचं पेटंट मिळालं, क्रमांक ६१३८०९. म्हणजे विमान, गाडी किंवा ड्रोन यांच्या आधी रिमोट आला तो बोटीसाठी.

पुढे या छंदाभोवती छोटे-मोठे उद्योग उभे राहिले. ब्रिटनमध्ये लीड्सची एमट्रॉनिक्स ही कंपनी 'व्हायपर मरीन' या नावाने खास बोटींसाठी ईएससी बनवते. चीनमध्ये शेन्झेनला २००५ मध्ये सुरू झालेल्या हॉबीविंगची 'सीकिंग' ही मालिका ब्रशलेस बोटींमध्ये जगभर वापरली जाते. अमेरिकेच्या कॅसल क्रिएशन्सनेही बोटींसाठी वेगळे ईएससी काढले. या कंपन्यांना बोटीसाठी वेगळा माल काढावा लागला, याची कारणं पाण्यातच सापडतात.

विमानाचा ईएससी बोटीत लावला तर?

स्वस्तात मिळतो म्हणून बरेच जण विमानाचा किंवा ड्रोनचा ईएससी बोटीत बसवतात. तो काही मिनिटं चालतोही. मग चार गोष्टी आडव्या येतात.

पहिली, उलटं फिरणं. विमानाला मागे जायचं नसतं, त्यामुळे त्याच्या साध्या ईएससीमध्ये रिव्हर्स नसतो. गाडीच्या ईएससीमध्ये रिव्हर्स असतो, पण त्यात आधी ब्रेक लागतो आणि दांडी पुन्हा ओढली की मग गाडी मागे जाते. बोटीला ब्रेक नसतोच. तिला थांबायचं असेल तरी रिव्हर्सच लागतो आणि तोही लगेच.

दुसरी, हवा. विमानात प्रोपेलरचा वारा ईएससीवरून जातो. बोटीचं पोट मात्र पाणी शिरू नये म्हणून बंद असतं. आतली उष्णता आतच राहते. त्यामुळे जास्त पॉवरच्या बोटींमध्ये ईएससीला पाण्याने थंड करतात. प्रोपेलरच्या मागे बसवलेली छोटी नळी पाणी ओढते, ते ईएससीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीतून फिरतं आणि बोटीच्या बाजूने धार बनून बाहेर पडतं. ही धार दिसते तोवर कूलिंग सुरू आहे. धार थांबली की बोट काठाला घ्यायची.

तिसरी, पाण्याचा भार. प्रोपेलर पाण्यात जितका जोरात फिरवाल तितकी लागणारी ताकद घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे फेरे दुप्पट केले तर पॉवर आठपट लागते. त्याहून फसवी गोष्ट आहे प्रोपेलरचा आकार. तेवढ्याच फेऱ्यांवर ४० मिलिमीटरऐवजी त्याच घडणीचा ४४ मिलिमीटरचा प्रोपेलर लावला, तर फरक दिसायला जेमतेम १० टक्क्यांचा. पण पॉवर व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते, म्हणजे सुमारे ६१ टक्के जास्त! 'फक्त प्रोपेलर बदलला आणि ईएससी जळाला' ही तक्रार इथूनच येते.

चौथी गोष्ट पुणेकरांच्या अगदी ओळखीची आहे: जलपर्णी. मुळा-मुठा असो की पाषाण तलाव, हिरवा गालिचा सगळ्यांनी पाहिलाय. तिची मुळं प्रोपेलरला गुंडाळली की मोटार जागच्या जागी अडकते. अडकलेल्या मोटारीत उलटा व्होल्टेज तयार होत नाही, त्यामुळे प्रवाहाला अडवणारं फारसं काही उरत नाही. ११.१ व्होल्टची बॅटरी आणि ०.०५ ओहमची मोटार धरली तर कागदावर हा प्रवाह २२२ अँपिअरवर जातो. बॅटरी आणि वायरी प्रत्यक्षात तो थोडा कमी करतील, पण ४० अँपिअरच्या ईएससीला राख करायला तेवढं पुरेसं आहे. चांगला बोट-ईएससी हा धक्का ओळखतो आणि मॉसफेट जळायच्या आत वीज तोडतो.

'४० अँपिअर' म्हणजे नेमकं किती?

या धंद्याचं सगळं इमान या एका आकड्यात आहे. म्हणून हा हिशोब नीट समजून घ्यायला हवा.

चालू असलेल्या मॉसफेटलाही थोडा रेझिस्टन्स असतो. समजा एका मॉसफेटचा २ मिलिओहम आहे. वीज एका वेळी दोन मॉसफेटमधून जाते, म्हणजे एकूण ४ मिलिओहम. उष्णता काढायची तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स:

- २० अँपिअरला १.६ वॅट
- ४० अँपिअरला ६.४ वॅट
- ८० अँपिअरला २५.६ वॅट

२५ वॅट म्हणजे रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातला साधा सोल्डरिंग आयर्न. प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट होते. मॉसफेट गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स आणखी वाढतो, तो वाढला की उष्णता आणखी वाढते. शेवटी मॉसफेट शॉर्ट होतो.

आता लेबलकडे या. मॉसफेट बनवणारी कंपनी आपल्या माहितीपत्रकात शंभर-दीडशे अँपिअरचा आकडा देते, पण तो बहुतेकदा मॉसफेटची खालची बाजू २५ अंशांवर धरून ठेवल्यास, या अटीवर असतो. पुण्यात एप्रिलच्या दुपारी बाहेरच पारा चाळिशीला टेकतो. बंद बोटीच्या पोटात तर त्याहून जास्त. तिथे २५ अंशांचा आकडा काय कामाचा?

म्हणून एकाच ईएससीला तीन वेगवेगळे आकडे असू शकतात: दहा सेकंद सहन होणारा, पाणी फिरत असताना सलग चालणारा आणि पाण्याशिवाय सलग चालणारा. प्रामाणिक बनवणारा कुठला आकडा कुठल्या अटीवर आहे ते छापतो. बाकीचे त्यातला सगळ्यात मोठा उचलतात आणि डबीवर चिकटवतात.

पुण्यात हा ईएससी बनवायचा तर काय लागेल?

पुण्यात याची बरीचशी तयारी आधीच आहे. सुटे भाग, वायरी, कनेक्टर, हत्यारं यासाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहे. भोसरीच्या एमआयडीसीत इलेक्ट्रॉनिक्सचं काम करणारी छोटी युनिट्स आहेत. वाहन उद्योगामुळे वायर हार्नेस, ॲल्युमिनियमचं मशिनिंग, प्लॅस्टिक मोल्डिंग ही कामं करून देणारे लोक शहरातच सापडतात.

पण मुख्य माल, म्हणजे मॉसफेट आणि मायक्रोकंट्रोलर, बाहेरूनच येतो. तो अधिकृत वितरकाकडून घेणं महाग पडतं, पण तिथे काटकसर करून चालत नाही. बाजारात वरचा छाप खोडून दुसरा मारलेले मॉसफेट मिळतात. दिसायला तेच, आतून कमी ताकदीचे.

बोर्डाचं तांबंही महत्त्वाचं. साध्या बोर्डावर तांब्याचा थर ३५ मायक्रॉन असतो. एवढ्या प्रवाहाला निदान ७० मायक्रॉनचा थर हवा, त्यावर वरून कथिलाचा जाड पट्टा किंवा तांब्याची पट्टी. बोर्ड तयार झाला की ओलावा लागू नये म्हणून त्यावर लाखेसारखा संरक्षक थर देतात. तरीही कनेक्टरच्या टोकातून पाणी आत शिरतं, त्यामुळे वायर जिथून बाहेर पडते ती जागा बंद करणं हे वेगळं कौशल्य आहे.

सॉफ्टवेअरचा प्रश्न त्याहून नाजूक. बीएलहेली-३२ हे ड्रोनच्या ईएससीमध्ये भरपूर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर नॉर्वेतून यायचं. ते खुलं नव्हतं, परवाना घेऊन वापरावं लागायचं. २०२४ मध्ये ते बंद झालं आणि त्याच्यावर विसंबलेल्या उत्पादकांना दुसरी वाट शोधावी लागली. त्यातल्या अनेकांनी एएम-३२ हे खुलं सॉफ्टवेअर घेतलं. छोट्या युनिटने यातून घ्यायचा धडा सरळ आहे: एकतर स्वतःचा कोड लिहा, नाहीतर जो बघता आणि बदलता येतो तो घ्या.

चिपचंही तसंच. २०२१ च्या टंचाईत साधे मायक्रोकंट्रोलर महिनोन्‌महिने मिळत नव्हते. जे डिझाइन एकाच चिपवर उभं होतं, त्याचं उत्पादन थांबलं.

आणि शेवटी चाचणी. त्याला भारी प्रयोगशाळा लागत नाही. पाण्याची मोठी टाकी, तिच्यात घट्ट बांधलेली मोटार आणि प्रोपेलर, एक चांगला क्लॅम्प मीटर आणि तापमान मोजायचं साधन एवढ्यावर प्रत्येक नगाला अर्धा तास राबवता येतं. बांधलेल्या मोटारीवर सगळ्यात जास्त ताण येतो, त्यामुळे कच्चा नग टाकीतच उघडा पडतो. तो तलावात उघडा पडला तर ग्राहकाची बोट बुडते.

परवाने लागतात का?

इथे खूप गोंधळ असतो. रिमोटचा ट्रान्समीटर २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतो. भारतात हा पट्टा ठरावीक ताकदीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो, पण ट्रान्समीटर आयात करून विकायचा असेल तर दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण-मान्यता लागते. ईएससीमध्ये रेडिओच नसतो, तो फक्त तारेतून आलेला ठोका वाचतो. त्यामुळे ही कटकट ईएससी बनवणाऱ्याच्या मागे नाही.

लिथियम बॅटरी सोबत विकायची असेल तर मात्र बीआयएसची सक्तीची नोंदणी बघावी लागते. आणि १४ वर्षांखालच्या मुलांचं खेळणं म्हणून पूर्ण बोट विकायची तर १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेला खेळण्यांचा गुणवत्ता आदेश आहे. फक्त ईएससी, तोही मोठ्या छंदिष्टांसाठी, हे त्यातल्या त्यात सोपं दार आहे.

उद्योग म्हणून 'उद्यम' पोर्टलवर नोंदणी करता येते. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म गटात येतो. असं युनिट त्यात सहज बसतं.

पैसा कुठे सुटतो आणि कुठे बुडतो?

किमतीत चीनशी भांडायला गेलात तर हरणार, हे आधीच मान्य केलेलं बरं. तिथे एका डिझाइनचे हजारो नग एका दमात निघतात. पुण्यातलं युनिट शंभराची बॅच काढणार.

आता एक काल्पनिक हिशोब. एका नगाला खर्च ₹१,१००, विक्री ₹१,५००. शंभर विकले की ₹४०,००० सुटले. त्यातले १० जळून परत आले आणि ते फुकट बदलून दिले, तर १० नगांचे ₹११,००० गेले. येण्याजाण्याचं कुरियर ₹२०० प्रत्येकी धरलं तर आणखी ₹२,०००. म्हणजे ₹४०,००० पैकी ₹१३,००० गायब, जवळपास एक तृतीयांश नफा! आणि लेबलवर ४० ऐवजी ६० अँपिअर छापले असते, तर परत येणारे नग वाढलेच असते.

म्हणजे खरा आकडा छापणं ही नुसती सचोटी नाही, तो धंद्याचा हिशोबही आहे.

लहान युनिटची ताकद दुसरीकडे आहे. जळालेला नग परदेशात पाठवून कुणी दुरुस्त करून घेत नाही, तो कचऱ्यात जातो. पुण्यातला बनवणारा मात्र मॉसफेट बदलून तो आठवड्यात परत देऊ शकतो. शिवाय परत आलेला प्रत्येक नग काय चुकलं ते सांगतो: पाणी कुठून शिरलं, कुठला मॉसफेट आधी गेला, ग्राहकाने कुठला प्रोपेलर लावला होता. पुढची बॅच त्यातून सुधारते.

ग्राहकही फक्त छंदिष्ट नाहीत. एनसीसीच्या नौदल शाखेत जहाजांची मॉडेल बनवणं शिकवलं जातं. इंजिनीअरिंग कॉलेजांमधले प्रकल्प आहेत. धरण-तलावाची खोली मोजणाऱ्या आणि पाण्यावरचा कचरा गोळा करणाऱ्या छोट्या मानवरहित बोटी आहेत. या बोटींना तासन्‌तास सावकाश चालणारा, गवतात अडकूनही न जळणारा ईएससी हवा असतो, आणि तो रेसिंगसाठी बनवलेल्या मालात मिळत नाही.

पुण्यात याच विद्येवर मोठं काय उभं राहिलंय?

ब्रशलेस मोटारीचा चुंबक सेन्सरशिवाय ओळखायचा, हा प्रश्न फक्त खेळण्यातल्या बोटीचा नाही. पुण्यातली सेडेमॅक मेकॅट्रॉनिक्स ही कंपनी याच प्रश्नावर काम करून वाढली. आयआयटी मुंबईतले प्राध्यापक शशिकांत सूर्यनारायणन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये ती सुरू केली. दुचाकीचं इंजिन सुरू करणारी आणि नंतर बॅटरी चार्ज करणारी एकच मोटार असते, तिचा सेन्सरविना चालणारा कंट्रोलर ही कंपनी बनवते. बोटीच्या ईएससीतलं आणि या कंट्रोलरमधलं मूळ गणित एकाच घराण्यातलं.

मानवरहित बोटींचं नावही पुण्याशी जोडलेलं आहे. सागर डिफेन्स इंजिनीअरिंग या पुण्याच्या कंपनीची 'मातंगी' ही स्वयंचलित बोट ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईहून तुतिकोरिनकडे निघाली, सुमारे १,५०० किलोमीटरच्या प्रवासाला. ती काही खेळण्यातली बोट नव्हे, पण टेस्लाच्या टाकीतल्या बोटीचीच ती वंशज.

विकत घेताना हे पाच प्रश्न विचारा

- लेबलवरचा अँपिअरचा आकडा सलग चालण्याचा आहे की काही सेकंदांचा? पाण्याच्या कूलिंगसह की त्याशिवाय?
- रिव्हर्स लगेच लागतो का, की आधी ब्रेक लागतो?
- सिग्नल तुटला तर मोटार आपोआप बंद होते का? घरीच बघा: प्रोपेलर काढा, मोटार चालू करा आणि रिमोट बंद करा.
- लिथियम पॉलिमर बॅटरी असेल तर प्रत्येक सेल साधारण ३ ते ३.३ व्होल्टवर आला की ईएससी वीज कमी करतो का? नाही केली तर बॅटरी फुगते आणि पुढच्या चार्जिंगला आगीचा धोका असतो.
- जळाला तर दुरुस्त कोण करून देणार?

आणि मोटार जितका प्रवाह घेते त्याच्या निदान दीडपट क्षमतेचा ईएससी घ्या. मोटार ३० अँपिअर घेत असेल तर ४५ च्या खाली जाऊ नका. बोट कुठल्याही तलावात सोडण्याआधी परवानगी आहे का ते विचारा. खडकवासला तर पुण्याचं पिण्याचं पाणी आहे.

राहिला मूळ प्रश्न: पुण्यात हा धंदा चालू शकतो का? स्वस्त माल विकायचा असेल तर अवघड आहे. पण ज्याच्या डबीवर ४० लिहिलंय आणि एप्रिलच्या उन्हात, जलपर्णीच्या पाण्यात ती खरंच ४० अँपिअर सोसते, त्याच्याकडे ग्राहक दुसऱ्यांदा येतो.